ब्रेकताईचं डावं वळण

गल्लीत अजूनही सांगतात, की बायंडर गाडीच्या परीक्षेत मुद्दाम नापास होत राहिला. पास झाला असता तर शिकवणी संपली असती, आणि शिकवणी संपली असती तर बाजूच्या सीटवरची मास्तरीण दिसायची बंद झाली असती. म्हणून हा प्रेमवीर दर वेळी एखादी चूक राखून ठेवायचा आणि नेमकी परीक्षकासमोर काढायचा. तळमजल्यावरच्या काकू मटार सोलता सोलता ही गोष्ट इतकी रंगवून सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या वेळी काकू मागच्या सीटवर बसूनच होत्या.

गोष्ट गोड आहे, पण खोटी. बायंडर नापास व्हायचा तो गाडी येत नव्हती म्हणून. त्याला स्वतःला मात्र ही अफवा फार आवडते. कुणी विचारलं की तो खाली मान घालून गालातल्या गालात हसतो, आणि ते हसू त्याने बऱ्यापैकी घोटून बसवलं आहे. खरं काय ते त्याच्या बायकोला विचारावं. ती म्हणते, "मुद्दाम नापास व्हायलासुद्धा थोडी गाडी यावी लागते."

ही बायको म्हणजे ब्रेकताई. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भिंतीकडे निघाला की तो दाबायचा. तिने तो इतकी वर्षं दाबला होता, की तिचा उजवा पाय आता तिचं ऐकेनासा झाला होता. बसमध्ये ड्रायव्हरने जरा जोरात वळण घेतलं की हिचा पाय फळीवर. दाताच्या डॉक्टरने सुई जवळ आणली की पाय ताठ. सिनेमात नायिका भलत्याच माणसाला हो म्हणायला निघाली की पुढच्या खुर्चीच्या पाठीत हिचा बूट, आणि त्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून हिच्याकडे बघणार. नाव गल्लीने उगाच नव्हतं ठेवलं.

बायंडर पुस्तकं बांधायचा. दुकान कोपऱ्यावर, एका खोलीचं, आत लाकडी दाबयंत्र, खळीची भांडी, दोऱ्याची रिळं आणि पुस्तकांच्या थप्प्या. हा धंदाच मुळात वाट बघण्याचा. पानं शिवायची, खळ लावायची, दाबाखाली ठेवायची आणि वाळेपर्यंत हात आवरायचा. घाई केली की पुठ्ठा फुगतो. तयार पुस्तकं तो सायकलवरून पोचवायचा आणि ती वाटेत भिजायची, म्हणून त्याने गाडी शिकायचं ठरवलं. तेवढंच कारण.

पहिल्याच दिवशी तो चौकात जो थांबला तो थांबलाच. समोरून येणारा ट्रक त्याने जाऊ दिला. मग बस. मग दोन सायकलवाले. मग पिशव्या घेतलेली एक बाई, जिला खरं तर रस्ता ओलांडायचाच नव्हता.

"आता जा," ब्रेकताई म्हणाली.

"तो कुत्रा बघा ना मॅडम. विचारात पडलाय."

"मग?"

"त्याचं ठरू दे."

मागून हॉर्नचा गदारोळ चालला होता. कुत्र्याने बराच वेळ घेतला, मग तो चौकाच्या मधोमध बसला. ब्रेकताईला हसू आवरेना. एरवी तिच्या गाडीत बसणारा प्रत्येक जण कुठेतरी पोचायच्या घाईत असायचा, आणि तिचा सगळा दिवस लोकांना भिंतीपासून वाचवण्यात जायचा. हा पहिलाच विद्यार्थी असा, की ज्याच्या बाजूला बसून तिला एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही. परीक्षकाने मात्र त्याच्यापुढे हात टेकले. "हा माणूस गाडी चालवत नाही, गाडीत बसून वाट बघतो," तो म्हणाला.

शेवटच्या वेळी नापास झाल्यावर बायंडर स्कूलच्या दारात आला आणि बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला, "मॅडम, गाडी राहू दे. पण माझी मंगळवारची वेळ होती, ती माझीच राहील का?"

"गाडीशिवाय काय करणार त्या वेळेत?"

"चालू."

मग ते मंगळवारी चालायला लागले. नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. गल्लीने दोनतीन मंगळवार बघितलं आणि आपलं आपण लग्न ठरवून टाकलं. त्या दोघांना कळायला थोडा उशीर झाला, एवढंच.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून आलेल्या स्कूलच्या मालकांनी सही करताना बायंडरच्या कानात सांगितलं, "आता आयुष्यभर बाजूच्या सीटवर बसायची तयारी ठेवा." बायंडर म्हणाला, "मला तीच सीट बरी वाटते." दोघांनी दुकानापासून तीन घरं सोडून दोन खोल्या घेतल्या, पहिल्या मजल्यावर, खिडकी रस्त्याकडे.

सिनेमात असल्या जोडप्याचं लग्न लागतं, एक गाणं होतं आणि थेट पाळणा दिसतो. मधलं सगळं कापून टाकतात, आणि शहाणपणाने कापतात, कारण मधलं सगळं म्हणजे ओला टॉवेल कुठे टाकायचा यावरची भांडणं असतात. गाडीत ज्या माणसासाठी ब्रेकताईला कधी ब्रेक लागला नव्हता, त्याच्यासाठी घरात तिचा पाय फरशीवरून उठेना. तो गॅसवरचं पातेलं उतरवायला गेला की पाय. शिडीवर चढला की पाय. "डावीकडून उचल. आधी बघ, मग वळ. मागे कोण आहे ते बघ." मागे कोण असणार? मागे कपाट. बायंडर पातेलं हातात धरून तिचं बोलणं संपायची वाट बघायचा. त्यामुळे त्याला चटके बसायचे, आणि चटके बसले की तिचं म्हणणं खरं ठरायचं.

"तू बोलली नसतीस तर मी केव्हाच खाली ठेवलं असतं," तो म्हणायचा.

"बोलले नसते तर सांडलं असतं."

या वादाचा निकाल लागणं शक्यच नव्हतं, म्हणून तो रोज नव्याने व्हायचा. एरवी दोघांचं छान चाललं होतं. जेवणं झाली की ती पुस्तकांच्या शिवणीसाठी दोरा ओवून द्यायची, आणि तो तिला दिवसभरात कोण कुठे धडकलं ते विचारायचा.

मूल इतक्यात नको असं दोघांचं पक्कं ठरलं होतं. ठरलेलं असतानाच ते आलं. ब्रेकताईने बातमी सांगितली तेव्हा बायंडर पुठ्ठ्याला खळ लावत होता. त्याने ब्रश भांड्यात ठेवायच्या ऐवजी चहात ठेवला. मग चहा प्यायला. मग म्हणाला, "बरं." आणि खूप वेळाने, तोंडाला खळ तशीच असताना, "फार बरं."

पोट वाढत गेलं तशी गाडीतली सीट मागे मागे सरकत गेली, आणि एक दिवस पाय ब्रेकपर्यंत पोचेना. त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पुरे." ब्रेकताईने गाडीची किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की मालकांनी किल्ली खणात न टाकता खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "ताई, ही इथेच. तुमच्याशिवाय कुणी काढणार नाही."

पण त्यानंतर काय, हा प्रश्न होताच. ही गाडी हा तिचा जीव होता. आईबापांच्या इच्छेविरुद्ध ती या धंद्यात शिरली होती, बाईमाणूस काय गाडी शिकवणार म्हणून नाक मुरडणाऱ्या बाप्यांना तिने शिकवलं होतं, आणि घरी बसणं तिला कधीच मानवणारं नव्हतं. दोन्हीकडच्या आया बाळंतपणाला येऊन जाणार होत्या, पण एकीचे गुडघे धड नव्हते आणि दुसरीची नोकरी होती. राहिला कोण? बायंडर.

"मी सांभाळीन," तो म्हणाला. "दाबयंत्र घरी आणतो. पुस्तक वाळतं तोवर पोर बघायचं, पोर झोपतं तोवर पुस्तक."

"हो," ब्रेकताई तोंडाने म्हणाली. टेबलाखाली तिचा पाय ताठ झाला होता.

मुलगी झाली. आवाज असा, की पहिल्याच आठवड्यात गल्लीने तिचं नाव भोंगा ठेवलं. आयांच्या देखरेखीखाली सुरुवातीचे महिने पार पडले आणि आया आपापल्या घरी गेल्या. मग बायंडरने भोंगाला हाती घेतलं ते आपल्या पद्धतीने. दुपट्यात गुंडाळायचं तर आधी चारी कडा सारख्या करायच्या, कोपरा दुमडायचा, हाताने सपाट करायचा, मग पोर मधोमध. कोऱ्या पुस्तकाला कव्हर घालतात तसं. ते होईपर्यंत पोरगी रडून दमायची आणि झोपून जायची. ब्रेकताईला हे बघवत नसे. "अरे, पटकन! मानेखाली हात! इकडे दे." ती पोर हिसकावून घ्यायची, पटापट गुंडाळायची, आणि भोंगा जो सुरू व्हायचा तो पुलापर्यंत ऐकू जायचा.

अशा परिस्थितीत ती कामावर परतली. विद्यार्थीही मालकांनी खास निवडून दिला होता. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या गावाच्या हेडबाई. जन्मभर गणित शिकवलं, कधी कशात नापास झाल्या नाहीत. त्यांना गाडी शिकून बहिणीकडे जायचं होतं, आणि बहिणीला हे दाखवायचं होतं की गाडी शिकून आले.

पहिल्या दिवशी ब्रेकताईने बाईंना स्कूलमधून बाहेर काढलं, डावीकडे वळवलं, पुन्हा डावीकडे, आणि गाडी कशी कोण जाणे आपल्या घराच्या खिडकीखाली आली. ब्रेकताईने मान तिरकी करून वर बघितलं. खिडकीत बायंडर उभा होता. कडेवर भोंगा. भोंगा रडत होती.

"बाई, आणखी एक फेरी मारू," ब्रेकताई म्हणाली. "डावं वळण अजून पक्कं नाही."

दुसऱ्या फेरीत पोर रडत होती. तिसऱ्या फेरीतही. दुसऱ्या दिवशीही तेच. गाडी त्या एका चौकोनी वस्तीभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरायला लागली, कायम डावीकडे, कारण उजवीकडे वळलं की घर मागे पडायचं. हेडबाई हुशार विद्यार्थिनी. त्यांचं डावं वळण इतकं देखणं झालं, की तळमजल्यावरच्या काकू मटार बाजूला ठेवून बघायच्या. "तीच गाडी गं परत," त्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला हाक मारून सांगायच्या. "नवऱ्यावर पाळत ठेवतेय. काहीतरी पाणी मुरतंय."

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक बाजूला बसला आणि म्हणाला, "पुढच्या चौकात उजवीकडे घ्या."

हेडबाईंनी चौक सरळ पार केला. मग डावीकडे वळल्या. मग पुन्हा डावीकडे. मग आणखी एकदा. आणि बरोबर त्या रस्त्याला लागल्या, जो परीक्षकाला हवा होता.

"मी उजवीकडे म्हणालो होतो."

"मग आपण कुठे आहोत?" हेडबाईंनी विचारलं. "तीन डावी वळणं म्हणजे एक उजवं. हे आठवीत येतं."

परीक्षकाचं आठवीतलं गणित कच्चं असावं. त्याने नापास केलं.

दुपारी मालकांनी ब्रेकताईला गाडीपाशी बोलावलं आणि काही न बोलता पुढचं टायर दाखवलं. एकाच कडेने पार बोडकं झालं होतं.

"ताई," ते म्हणाले, "मी काही तुमच्या वैऱ्यासारखं बोलणार नाही. पण बाईंना पुढची तारीख मिळालीय. तोपर्यंत त्या तयार झाल्या तर ठीक. नाहीतर किल्ली दुसऱ्याला द्यावी लागेल. जीव घरात असेल तर घरी बसा, मी समजू शकतो. गाडीत बसायचं तर जीव गाडीत आणा."

ब्रेकताई तशीच घरी आली, तर हेडबाई तिच्याआधी येऊन बसल्या होत्या. नापास झालेल्या मुलीच्या घरी त्या जन्मभर जात आल्या होत्या. आज स्वतः नापास झाल्या म्हणून मास्तरणीच्या घरी आल्या, त्यांच्या हिशेबाने ते सरळच होतं. बायंडर त्यांच्यासमोर चहा ठेवत होता. भोंगा त्याच्या खांद्यावर, डोळे सुजलेले, किरकिर चालूच.

"ये, मुली," हेडबाई म्हणाल्या. "मी तुझ्या नवऱ्याला हेच विचारतेय, की तुझ्या बायकोला उजव्या हाताशी काही वैर आहे का?"

ब्रेकताईने मान खाली घातली. "बाई, चूक माझी. पोर सतत रडताना दिसायची. मला वाटायचं, आणखी एकदा बघावं. गप्प झालेली दिसली की मग पुढे जाऊ. एकदाही गप्प दिसली नाही."

बायंडर चहाचं भांडं हातात घेऊन उभाच राहिला.

"रडणारच," तो म्हणाला. "झोपेतून उठवायचो ना मी."

"काय?"

"तुझ्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा चिरकतो. कोपऱ्यावर आली की ऐकू येतो. पहिल्या दिवशी तू वर बघितलंस, तुझा चेहरा बघून मला वाटलं, हिचा जीव टांगणीला लागलाय. मग ठरवलं, गाडी आली की पोर दाखवायची. आहे, नीट आहे, असं. झोपलेली असली तरी उचलायचो. दिवसभर झोपच नाही तिला. आणि मला तरी कुठे? तीन पुस्तकांचे पुठ्ठे फुगले."

 भोंगाने तेवढ्यात जांभई दिली.

हेडबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. "म्हणजे तू फेरी मारतेस म्हणून हा पोर उठवतो, आणि पोर रडतं म्हणून तू फेरी मारतेस. आणि हे सुटायला मी नापास व्हावं लागलं." त्या उठल्या. "उद्यापासून पुलापलीकडे जायचं. उजवीकडे."

त्या गेल्यावर ब्रेकताई पलंगाच्या कडेला बसली. बायंडरने पोरीला खाली ठेवण्यासाठी दुपट्याच्या कडा सारख्या करायला घेतल्या. एक कड, दुसरी कड. तिचा पाय आपोआप ताणला गेला, आणि तोंड उघडलं.

"मॅडम," बायंडर म्हणाला. चिडला की तो तिला मॅडमच म्हणायचा, आणि वर्षातून एखादवेळीच चिडायचा. "तू बाजूला बसलीस की मला पोर दिसत नाही. तुझा पाय दिसतो. मग मी पोरीला सांभाळत नाही, तुझ्या पायाला सांभाळतो."

ब्रेकताईला हे अनोळखी नव्हतं. प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटी शेवटी ती मोकळ्या मैदानात नेऊन स्वतः गाडीतून उतरायची, दार लावायची आणि सांगायची, आता एक चक्कर मारून ये. उतरल्याशिवाय शिकणाऱ्याचा हात बसत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पोटच्या पोरीच्या बाबतीत तिने दाराच्या कडीला हातसुद्धा लावला नव्हता.

"किती वेळ लावतोस पण तू," ती म्हणाली. आवाजात भांडण उरलं नव्हतं.

"झोपली बघ," तो म्हणाला.

झोपली होती खरी.

दुसऱ्या दिवसापासून गाडी पुलापलीकडे गेली. पहिले काही दिवस ब्रेकताईचे हाल कुत्रा खाईना. हेडबाईंना उजवं वळण शिकवायचं तर समोरची वाहनं बघायची, अंदाज घ्यायचा, आणि हिचं मन मागे खिडकीत. "मुली, मी लाल दिवा ओलांडला," हेडबाई एकदा म्हणाल्या, "आणि तू 'छान' म्हणालीस." मग ब्रेकताईने स्वतःला सावरलं. हेडबाईंना समोरून येणारी गाडी दिसली की त्या तिचा वेग, अंतर आणि वेळ यांचं गणित मांडायच्या, आणि उत्तर निघेपर्यंत गाडी निघून गेलेली असायची. "बाई, गणित नको. त्याच्या डोळ्यांत बघा. तो थांबणार की नाही ते डोळ्यांत कळतं." हेडबाईंना ही पद्धत अशास्त्रीय वाटली, पण त्यांनी हळूहळू ती उचलली, आणि समोरच्या ड्रायव्हरकडे त्या अशा नजरेने बघायला लागल्या, की माणसं गपचूप थांबायची.

परीक्षेच्या सकाळी भोंगाला सर्दी. नाक बंद, अंग कोमट, आणि बापाच्या खांद्यावरून खाली ठेवलं की टाहो. ब्रेकताई बूट घालून दारात उभी. एक बूट काढला. परत घातला.

"डॉक्टरीणबाईंना विचारलं मी," बायंडर म्हणाला. "साधी सर्दी आहे. वाफ द्या म्हणाल्या, आणि उभं धरून ठेवा."

"मी थांबते. मालकांना सांगते."

"सांगितलंस तर किल्ली गेली."

"जाऊ दे."

"मग पोरगी मोठी झाल्यावर तिला काय सांगशील? तुझ्या नाकापायी गाडी सोडली?"

ब्रेकताईला हसायचं नव्हतं. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला, बायंडरच्या शर्टाला पुसला गेलेला शेंबूड बघितला, आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. वाफेचं भांडं लांब ठेव, मानेखाली हात, खिडकी लाव. सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. ते तिने गिळलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. काकूंनी जिना उतरणाऱ्या पावलांवरून ओळखलं, की आज काहीतरी आहे.

परीक्षक तोच होता. त्याने हेडबाईंना ओळखलं आणि चौक यायच्या बऱ्याच आधी सांगितलं, "उजवीकडे. एकदाच." ब्रेकताई चौकाजवळच्या मैदानाच्या कठड्याशी उभी राहून बघत होती. गाडी चौकात थांबली. समोरून टेम्पो येत होता. हेडबाईंनी टेम्पोवाल्याकडे बघितलं. टेम्पोवाला थांबला, एवढंच नव्हे तर त्याने तोंडातली सिगारेट काढली. गाडी उजवीकडे वळली, सावकाश, रुबाबात, आणि दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे ब्रेकताईच्या लक्षात आलं, की गेला बराच वेळ तिने घराचा विचार केला नव्हता. तिला जरा अपराधी वाटलं, आणि जरा हलकंही वाटलं.

हेडबाई पास झाल्या. त्यांनी परीक्षकाला सांगितलं, की तरीही मागच्या वेळचं उत्तर बरोबरच होतं, फक्त रीत वेगळी होती. मालकांनी टायर बदलायला टाकलं आणि ब्रेकताईला म्हणाले, "ताई, उद्या नवीन विद्यार्थी आहे. किल्ली घरीच न्या." हेडबाईंनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला आणि "घरीच आहेस ना? मी येतेय, दार उघडं ठेव," एवढंच सांगून ठेवून दिला.

ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा ब्रेकताई गल्लीत शिरली. जिन्याखालच्या दारात पायरीवर बायंडर पोरीला घेऊन बसला होता. भोंगाचं नाक मोकळं झालं होतं, गालाला उन्हाचा रंग चढला होता. बायंडरच्या केसांना कानाजवळ खळ लागून वाळली होती आणि ती पोरगी मोठ्या चिकाटीने ती खळ खरवडत होती. शेजारी एक नवं बांधलेलं पुस्तक, पुठ्ठा सपाट, कुठे फुगवटा नाही. खिडकीत काकू बसलेल्याच होत्या.

"झाल्या पास?" बायंडरने विचारलं.

"झाल्या. टेम्पोवाला अजून तिथेच उभा असेल." ब्रेकताईने पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. "ये गं, ये माझी बाय."

भोंगाने तिच्याकडे बघितलं. हसलीसुद्धा. मग वळली आणि बापाच्या शर्टात तोंड खुपसून बसली.

ब्रेकताईचे हात हवेत राहिले. ते तसेच पटकन मागे घेणं तिला जमेना. दिवसभर ज्याची भीती वाटत होती त्यातलं काही झालं नव्हतं, आणि हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. बायंडर गडबडला. "झोपेतून आत्ताच उठलीय," तो म्हणाला, "म्हणून," आणि पोरीचं तोंड आईकडे वळवायला लागला.

"राहू दे," ब्रेकताई म्हणाली. "तिचं ठरू दे." ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, त्याच्या केसातली वाळलेली खळ तिनेही दुसऱ्या बाजूने खरवडायला घेतली. थोड्या वेळाने भोंगाचा एक हात बापाच्या खांद्यावरून पलीकडे आला आणि आईच्या बाहीला लोंबकळला. बाकीची भोंगा जागची हलली नाही.

एवढं सगळं बघून काकूंना गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी मटाराचं ताट बाजूला सरकवलं आणि खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या.

"अगं, बघितलंस ना? तरी मी म्हणत होते. पोरीला बापाची सवय लागली गं पुरती. आता तुझं कसं व्हायचं?"

ब्रेकताईने वर बघितलं.

"लागू दे की, काकू. मलाही त्याचीच लागलीय."